हंसपदांचं शुद्धिपत्र

…तर बायकोने पुस्तक मिटलं, डोळे पुसले, समोरचं ताट बाजूला सारलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मारलंत ना शेवटी त्या पोरीला?" इथवर काल आपण आलो होतो आणि मध्येच चहा आला. चहा आला की गोष्ट कुठे ठेवली ते सापडत नाही, चष्म्यासारखं. असो, सापडली.

ज्याला हा प्रश्न विचारला त्या माणसाने उभ्या जन्मात मुंगी मारली नव्हती. छापखान्यात बसून छापायच्या मजकुरातल्या चुका काढायच्या, एवढाच त्यांचा धंदा. त्यांना सगळे हंसपद म्हणत. हंसपद म्हणजे काय, तर ओळीत एखादा शब्द राहून गेला की त्या जागी खालून एक चिमुकली खूण करतात, हंसाच्या पावलासारखी. मग रेघ ओढून राहिलेला शब्द समासात लिहायचा. हे नाव छापखान्यात मजकूर जुळवणाऱ्या ऑपरेटरबाईने ठेवलं. अर्धं कामावरून आणि अर्धं चालीवरून, कारण हा माणूस चालतानाही पावलं फाकवून चालायचा. जणू रस्त्यातच काहीतरी राहून गेलंय आणि ते घालायचंय.

एकतीस वर्षं त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी, खिडकीकडे पाठ करून, हातात लाल पेन. खिडकीकडे तोंड केलं की समोरच्या दुकानाची पाटी दिसायची आणि तिच्यात ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका होत्या. काम सुचायचं नाही. एकदा तापाने फणफणले म्हणून डॉक्टरांकडे गेले. भिंतीवर लिहिलेलं होतं, 'शांतता राखावि.' हंसपदांनी आधी पेन मागितलं, मग जीभ दाखवली. डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात गेलेला नाही, हा मुळातच असा आहे. आणि बायकोचं तर काय सांगावं. लग्न ठरल्यावर तिने हौसेने चार ओळींचं पत्र पाठवलं. यांनी ते उलट टपाली परत केलं, अकरा दुरुस्त्या करून. खाली मात्र शेरा होता, 'आशय उत्तम.' ते पत्र बाईने अजून जपून ठेवलंय आणि भांडण रंगात आलं की पुरावा म्हणून बाहेर काढते.

पण माणसाला एक अभिमान होता आणि तो खरा होता. त्यांच्या एकतीस वर्षांत त्या छापखान्यातून निघालेल्या एकाही पुस्तकाला शुद्धिपत्र जोडावं लागलं नव्हतं. पुस्तकाच्या शेवटी चिठोरं असतं ना, अमुक पानावर तमुक ओळीत असं वाचावं, ते. लोक चारचौघांत मुलांच्या नोकऱ्या सांगतात, हे सांगायचे, "आपल्याकडे शुद्धिपत्र नाही."

अशा माणसाला बायको म्हणते, पोरीला मारलंत.

पोरगी कोण, ते सांगतो. छापखान्याने एका लेखिकाबाईंची कादंबरी काढली होती. सोळा वर्षांची मुलगी शाळेतून निघते आणि संध्याकाळी घरी पोचतच नाही. मग आई, बाप, पोलीस, शेजारपाजार, ज्याने त्याने आपापल्या परीने शोधायचं आणि शोधता शोधता स्वतःचंच काहीबाही सापडायचं, अशी दोनशे सोळा पानं. शेवटच्या पानावर मुलगी नदीच्या पुलावर उभी असते. वारा सुटलेला. खाली पाणी. आणि शेवटचं वाक्य, 'मग फार विचार न करता ती घरी गेली.'

"मारलं कुठे? घरी जाते ती," हंसपद घास गिळत म्हणाले.

बायकोने पुस्तक पुढे केलं. बोट ठेवलं. हंसपदांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. छापलं होतं, 'मग फार विचार न करता ती गेली.'

आता आपल्या भाषेत 'गेली' म्हणजे काय, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. बाजारात गेली तर येते. नुसती गेली तर येत नाही. त्यातून पुलावर उभी. ध चा मा करायला तरी एक अक्षर बदलावं लागतं. इथे तर एक शब्द नुसता गळाला होता आणि पोरगी नदीत.

हंसपदांनी तिथल्या तिथे लाल पेन काढलं, 'ती' आणि 'गेली'च्या मध्ये खूण केली, समासात 'घरी' लिहिलं. बायकोने पुस्तक घेऊन बघितलं आणि म्हणाली, "ही एक पोचली. बाकीच्या नऊशे नव्याण्णव?"

दुसऱ्या दिवशी छापखाना उघडायच्या आधी हंसपद दारात हजर. जुन्या मुद्रितांचा, म्हणजे तपासलेल्या कच्च्या पानांचा, गठ्ठा सोडला आणि शेवटचं पान काढलं. दुखणं कळायला वेळ लागला नाही. पहिल्या खेपेला तो शब्द चुकून दोनदा पडला होता. एक 'घरी' ओळीच्या शेवटी, दुसरा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. 'ती घरी घरी गेली', जशी काही शिरगणतीला निघालीय. त्या पानाच्या दोन प्रती निघाल्या, एक हंसपदांकडे, एक लेखिकाबाईंकडे. हंसपदांनी पहिल्या 'घरी'वर काट मारली. बाईंनी दुसऱ्यावर मारली. दोघांचंही बरोबर. ऑपरेटरबाई कामाची पक्की. तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि दोघांचाही मान राखला. मग नवं पान हंसपदांसमोर आलं. जादा शब्द गेला का? गेला. बरोबरची खूण. खाली नेहमीप्रमाणे 'छापावे' आणि सही. या छापखान्याचा थोरल्या मालकांपासूनचा दंडकच होता, हंसपदांच्या हातचं 'छापावे' असल्याशिवाय यंत्र फिरायचं नाही.

म्हणजे काट तिघांची, पण सही एकाची. ती सही हंसपद बराच वेळ बघत बसले. अक्षर फार सुरेख आलं होतं.

चार दिवसांनी लेखिकाबाई आल्या, पुस्तक छातीशी धरून. म्हणाल्या, माझ्या पोरीला कोणी ढकललं ते आधी सांगा. मालक म्हणजे थोरल्या मालकांचा मुलगा. वडील गेल्यावर छापखाना आणि हंसपद असं दोन्ही त्याच्याकडे वारसाहक्काने आलं होतं. त्याने निमूट दोन्ही कागद पुढे ठेवले. बाईंनी आपल्या हातची काट पाहिली आणि आवाज एक पट्टी खाली आला. मग म्हणाल्या, आता काय करायचं. मालक म्हणाला, एक आठवडा थांबू, मग बघू. जगातल्या निम्म्या गोष्टी या एका वाक्याने बिघडल्यात आणि उरलेल्या निम्म्या याच वाक्याने सुधारल्यात.

आठवड्यात पत्रं सुरू झाली. पुस्तकावर छापखान्याचा पत्ता, म्हणून सगळी तिथेच यायची आणि मालक ती हंसपदांसमोर टाकायचा, कारण वाचायचं काम त्यांचं. हंसपदांनी दोन गठ्ठे केले. एकावर चिठ्ठी लावली 'मेली', दुसऱ्यावर 'पळाली'. शिवाय प्रत्येक पत्रातल्या चुका लाल पेनाने सुधारल्या, ते वेगळंच. एका निवृत्त इंजिनिअरने पुलाची उंची, वाऱ्याचा जोर आणि मुलीचं वजन धरून सिद्ध केलं होतं की ती बुडणं शक्य नाही. वजन कुठून आणलं विचाराल, तर सतराव्या पानावर ती सायकलवर मागे बसते आणि टायर दबत नाही, त्यावरून. एका शिक्षकाने व्याकरणाने मारली होती; म्हणे, 'फार विचार न करता' हे क्रियाविशेषण घरी जाण्याला लागतच नाही, घरी जाताना माणूस विचार करतो. कुणा नवऱ्याने कळवलं होतं की बायकोला पुस्तक दिल्यापासून ती पुलाकडच्या रस्त्याने यायला तयार नाही, रिक्षा लांबून न्यावी लागते. एका कॉलेजच्या मुलीने लिहिलं होतं, "ती मैत्रिणीकडे गेली असणार. मोठ्या माणसांना मैत्रीण हा पत्ताच सुचत नाही."

'घरी गेली' म्हणणारं पत्र एकही नाही. तिसरा गठ्ठा करावाच लागला नाही.

आणि गंमत बघा, सगळे खूश. मेली म्हणणारे रडून खूश, पळाली म्हणणारे लढून खूश. कुणा समीक्षकाने लिहिलं, एवढं धाडसी शेवटचं वाक्य आपल्या भाषेत बऱ्याच वर्षांत आलं नाही. लेखिकाबाईंना मुलाखतीला बोलावलं. शेवट असा मोकळा का ठेवलात, म्हणून विचारलं. बाई क्षणभर थांबल्या. तो क्षण सुद्धा छापून आला, 'किंचित थांबून' असा. मग म्हणाल्या, "शेवट मी वाचकाच्या ओंजळीत ठेवलाय."

हंसपदांनी ते घरी वाचून दाखवलं. बायको भांडी पुसत होती. म्हणाली, "ओंजळीत कशी ठेवेल? ओंजळीतूनच तर गळाली."

हसण्यावारी नेलं खरं, पण माणसाला ते आतून खात होतं. आयुष्यभर चुकीबद्दल बोलणी खाण्याची तयारी ठेवली आणि पहिली चूक झाली तर मिरवणूक निघाली. रस्त्यात ओळखीचे पाठ थोपटायचे, काय पुस्तक काढलंत म्हणून. चोराला चोर म्हणा, तो सहन करतो. साव म्हणा, तो झोपत नाही. बायको तर रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारायची, "आज कितीजणी पोचल्या?"

अशात एक पत्र आलं. वहीच्या पानावर, नीट घडी घालून. एका बाईने लिहिलं होतं, माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. कादंबरी वाचल्यापासून तिला यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी फाटकाशी जाऊन उभी राहते. मुलगी मला हसते. मलाही कळतं, पुस्तकातलं खरं नसतं. पण ती पुलावरून कुठे गेली, तेवढं कळवा. तुम्हाला कामं असतील. एका शब्दात कळवलं तरी चालेल.

या पत्रात शुद्धलेखनाच्या सहा चुका होत्या. हंसपदांनी एकही सुधारली नाही. ते पत्र दोन्ही गठ्ठ्यांत बसेना म्हणून खिशात ठेवलं. आणि जेवणाच्या सुट्टीत पोस्टात गेले, एक कार्ड घेतलं, पत्ता लिहिला आणि मजकुराच्या जागी एकच शब्द, 'घरी.' पूर्णविरामासकट.

आता कार्ड उघडंच असतं. ते त्या बाईने वाचलं, शेजारणीला दाखवलं, शेजारीण वाचनालयात जाणारी. पंधरा दिवसांत निम्म्या वाचकांना कळलं की छापखान्यातून कळलंय, पोरगी घरी गेली. ज्यांनी मारली होती ते चिडले, ज्यांनी पळवली होती ते त्याहून चिडले. पत्रांचा पाऊस पडला. एकाने लिहिलं, एवढ्या थोर कादंबरीचा इतका भाबडा अर्थ लावणारा माणूस कोण आहे, त्याला साहित्यातलं काही कळतं का?

मालकाने हंसपदांना आत बोलावलं. लेखिकाबाई आधीच बसल्या होत्या. दुसरी आवृत्ती काढायची ठरली होती आणि शेवटच्या पानाचं मुद्रित टेबलावर होतं. बाई म्हणाल्या, काका, झालं ते झालं, पण आता तो शब्द परत घालता यायचा नाही. मी सगळ्यांसमोर ओंजळ म्हणून बसलेय. हंसपदांनी विचारलं, तुम्ही लिहिताना कुठे पाठवली होती तिला? बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, घरी. पण सासूबाई वाचून म्हणाल्या होत्या की शेवट फार साधा आहे.

"साधा आहे, पण तुमचा आहे," हंसपद म्हणाले.

मालकाने कागद पुढे सरकवला. काही करायचं नाही, फक्त 'छापावे' लिहायचं. हंसपदांनी पेनाचं टोपण काढलं. परत लावलं. म्हणाले, नकळत चुकलो तेव्हा सही केली, ती माझी. आता चूक डोळ्यांनी दिसतेय, हात वळत नाही. मालक म्हणाला, मग मीच लिहितो. हंसपद म्हणाले, लिहा की. मालकाने तावातावाने पेन घेतलं आणि लिहिलं, 'छापावि.' हंसपदांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण हात आपोआप गेला आणि 'वि'चा 'वे' करून परत आला. मालकाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. पण बोलायचं ते बोललाच. म्हणाला, काका, तुम्ही सही करणार नसाल तर या टेबलाशी तुमचं काम काय उरलं, ते मला कळत नाही.

बाहेर ऑपरेटरबाईचा खटखट आवाज थांबला होता, म्हणजे तीही ऐकत होती.

हंसपद मग सावकाश म्हणाले, एक वाट आहे. पानाला हात लावू नका. जसं आहे तसं जाऊ दे. पण मागे शुद्धिपत्र लावा.

मालक चपापला. तुमच्या नावाला बट्टा लागेल काका, म्हणाला, एकतीस वर्षं आपल्याकडे शुद्धिपत्र नाही. हंसपद म्हणाले, नव्हतं. आता असेल. चूक छापखान्याची म्हणून घाला, तपासनिसाची म्हणून घाला, बाईंचं नाव कुठे नको. बाईंनी विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, लावा, लावा, शुद्धिपत्र वाचतो कोण? औषधाच्या खोक्यातली घडी आणि शुद्धिपत्र, दोन्ही उलगडून वाचणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

ऑपरेटरबाईला मात्र हे पटेना. चूक ठाऊक असून ती छापायची आणि मागे सांगायचं की ही चूक आहे, ही कुठली तऱ्हा? मालक म्हणाला, संसारात आणखी काय करतो आपण? तिने तोंड वाकडं करून चिठोरं जुळवलं आणि आणून दिलं. त्यावर मथळा होता, 'शुद्धीपत्र'. हंसपदांनी 'द्धी'ची वेलांटी ऱ्हस्व केली, म्हणाले, अगं, निदान इथे तरी नको. खाली ओळ होती: 'पृष्ठ २१६, शेवटची ओळ. "ती गेली" ऐवजी "ती घरी गेली" असे वाचावे. ही चूक मुद्रिते तपासणाऱ्याची आहे.' तिच्याखाली त्यांनी 'छापावे' लिहिलं आणि सही केली. या वेळी अक्षर तितकंसं सुरेख आलं नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर बायकोने नेहमीचा प्रश्न विचारला. हंसपद म्हणाले, दोन हजारजणी पोचतील. बायको म्हणाली, आणि तुमच्या त्या एकतीस वर्षांचं? हंसपद म्हणाले, ती गेली. मग दोघंही हसले, कारण ही मात्र कुठे गेली ते दोघांना ठाऊक होतं.

लेखिकाबाईंचा अंदाज असा, की शुद्धिपत्र कोणी वाचणार नाही. वाचकांनी पुस्तक नंतर वाचलं, शुद्धिपत्र आधी. जे पहिली आवृत्ती वाचून भांडले होते ते दुसरी विकत घेऊन मागचं पान फाडून पाकिटात घालून हिंडायला लागले. निवृत्त इंजिनिअरने कळवलं की नव्या माहितीच्या आधारे हिशेब पुन्हा केला, घर पुलापासून चालत बावीस मिनिटांवर आहे. व्याकरणवाल्या शिक्षकाने लिहिलं, शुद्धिपत्रात व्याकरणाची चूक नाही, त्यामुळे नाइलाज आहे. फाटकाशी उभ्या राहणाऱ्या बाईचं कार्ड आलं. त्यावरही एकच शब्द होता, 'पोचलं.' कार्ड पोचलं की पोर, ते काही तिने लिहिलं नव्हतं. आणि त्या थोर समीक्षकाने तर दीड पानभर लिहिलं. कादंबरीचा खरा शेवट कादंबरीत नाही, तो शुद्धिपत्रात आहे, हा प्रयोग अपूर्व आहे. मुलगी हरवणं ही समाजाची चूक आणि तिचं परतणं ही दुरुस्ती. आणि 'मुद्रिते तपासणारा' हे लेखिकेने निर्माण केलेलं एक अविस्मरणीय पात्र आहे, ते एकाच वाक्यात उभं राहतं.

हंसपदांनी तो लेख छापखान्यात मोठ्याने वाचला. ऑपरेटरबाई म्हणाली, "काका, तुम्ही पात्र झालात." हंसपद म्हणाले, पात्र होतोच, आता छापून आलं एवढंच. आणि लेखातल्या चार चुका लाल केल्या.

वर्ष सरता सरता लेखिकाबाई नवं हस्तलिखित घेऊन आल्या, चांगलं जाडजूड. या खेपेला हंसपदांसाठी खुर्ची त्यांनी स्वतः पुढे ओढली. इकडचं तिकडचं झालं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, काका, लोकांच्या अपेक्षा वाढल्यात, याही कादंबरीला मागे एक शुद्धिपत्र हवं. कुठला शब्द गाळायचा ते मी तुमच्यावर सोपवते. तुमचा हात चांगला आहे.

हंसपदांनी हस्तलिखित जवळ ओढलं, पहिलं पान उलटलं, चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, मागच्या खेपेला एकच शब्द गळला, तर त्या पोरीला घरी पोचायला सात महिने लागले. या खेपेला घराबाहेर कोण कोण आहे, ते आधी सांगा."